संत दामियन : मोलोकाई बेटावरची सोळा वर्षे



१० मे हा संत दामियन यांचा सण. १८७३ साली याच दिवशी ते कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी मोलोकाई बेटावर उतरले. परदेशात सेवेला जाणारा माणूस तेथील लोकांना काहीतरी द्यायला जातो, असे आपण समजतो. फादर दामियन यांचे चरित्र वाचताना मात्र जाणवते की, त्यांना तेथे खूप काही शिकावेही लागले.

बेल्जियम देशातील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी जोसेफ डी व्हूस्टर यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, धान्याचा व्यापारही होता. जोसेफने तो व्यापार सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु १८५९ साली जोसेफ थोरल्या भावाच्या पाठोपाठ लुव्हेन येथे येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला. तेथे त्याला दामियन हे नाव मिळाले. भावाचे नाव ब्रदर पाम्फिल, पुढे ते फादर झाले.

१८६३ साली हवाई बेटांवर जाण्यासाठी फादर पाम्फिल यांची निवड झाली. जाण्याची सर्व तयारी झाली असताना ते टायफसने अंथरुणाला खिळले. दामियन तोपर्यंत धर्मगुरूही झाले नव्हते. तरी त्यांनी पॅरिसमधील संघप्रमुखांना परस्पर पत्र लिहून भावाच्या जागी जाण्याची परवानगी मागितली आणि ती मिळालीही. घरच्यांचा निरोप घेऊन ते निघाले, ते पुन्हा कधीच मायदेशी परतले नाहीत. सुमारे पाच महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर १९ मार्च १८६४ रोजी, संत जोसेफ यांच्या सणाच्या दिवशी, ते होनोलुलू बंदरात पोहोचले. २१ मे रोजी तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढची नऊ वर्षे त्यांनी हवाईच्या मोठ्या बेटावर काढली. तेथे त्यांनी पहिला धडा घेतला तो भाषेचा. लोकांची भाषा बोलता आल्याशिवाय त्यांचे दुःख कळत नाही. ते हवाईयन भाषा शिकले. डोंगरदऱ्यांतून पायी व घोड्यावरून फिरले आणि सुताराप्रमाणे स्वतःच्या हातांनी छोटी देवळे उभारली.

त्या काळी हवाईमध्ये कुष्ठरोग पसरला होता आणि त्यावर औषध नव्हते. १८६५ साली तेथील सरकारने कायदा करून रोग्यांना वेगळे ठेवण्याचे ठरवले. १८६६ पासून त्यांना मोलोकाईच्या उत्तर टोकाला नेऊन सोडण्यात येऊ लागले. तीन बाजूंना समुद्र आणि मागे सुमारे दोन हजार फूट उंच कडा. आई मुलापासून, नवरा बायकोपासून तुटत असे. बिशप मैग्रे यांनी आपल्या धर्मगुरूंसमोर हा प्रश्न मांडला, तेव्हा चौघांनी आळीपाळीने जाण्याची तयारी दाखवली. पहिली पाळी फादर दामियन यांची होती. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. पाळी संपल्यावर परत यायचे होते, पण त्यांनी तेथेच राहण्याची परवानगी मागून घेतली.

सुरुवातीच्या रात्री त्यांनी चर्चजवळच्या एका झाडाखाली काढल्या. रोग्यांना स्पर्श करू नये, अशी सूचना त्यांना मिळाली होती. जखमांच्या दुर्गंधीने त्यांनाही त्रास होई. तो वास जाणवू नये म्हणून ते पाईप ओढू लागले. म्हणजे किळस त्यांनाही येत होती. तिच्यावर मात करणे ही रोजची लढाई होती. येथे ते दुसरा धडा शिकले. दूर उभे राहून प्रवचन करता येते, पण कोणाला आपलेसे करता येत नाही. हवाईचे लोक अळूच्या कंदाचा लगदा करतात, त्याला पोई म्हणतात. एकाच भांड्यातून सर्वांनी हाताने खायची तेथील पद्धत. फादर दामियन त्या भांड्याभोवती रोग्यांबरोबर बसू लागले. ते जखमा धूत, मलमपट्टी करीत. त्यांनी घरे बांधली, झऱ्याचे पाणी नळाने वस्तीत आणले, अनाथ मुलामुलींसाठी निवारा उभारला. शेकडो मृतांसाठी शवपेट्या केल्या, कबरी खणल्या.

परंतु त्यांना सर्वात जड गेला तो एकटेपणा. काही काळ त्यांना वस्तीबाहेर जाण्यास मनाई होती. एकदा त्यांच्या संघाचे वरिष्ठ बोटीने आले, पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही. तेव्हा फादर दामियन होडीतून बोटीजवळ गेले आणि खालूनच, सर्वांच्या देखत, मोठ्याने फ्रेंच भाषेत त्यांनी पापनिवेदन केले. ज्यांच्याकडे इतर लोक प्रायश्चित्तासाठी येत, त्या धर्मगुरूलाही क्षमेची तितकीच गरज होती.

संत म्हणजे दोष नसलेला माणूस नव्हे. फादर दामियन हट्टी होते, लवकर रागावत. मदतीला आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे पटत नसे. ते फार मागण्या करतात, अशी वरिष्ठांची तक्रार होती. हळूहळू ते तिसरा धडा शिकले. एकट्याने सर्व काही होत नाही.

डिसेंबर १८८४ मध्ये एके दिवशी उकळते पाणी पायावर पडले, कातडी सोलली गेली, पण त्यांना वेदना झाल्या नाहीत. काय झाले ते त्यांनी ओळखले. डॉक्टरांनीही कुष्ठरोग असल्याचे सांगितले. आता ते खऱ्या अर्थाने त्या वस्तीतलेच एक झाले. आजपर्यंत त्यांनी इतरांची सेवा केली होती, आता दुसऱ्याकडून सेवा घ्यायला शिकायचे होते. १८८६ साली अमेरिकेतील माजी सैनिक जोसेफ डटन मदतीला आले आणि पुढे जवळजवळ मरेपर्यंत तेथेच राबले. १८८८ साली मदर मॅरियान कोप आपल्या धर्मभगिनींसह आल्या. आपल्यामागे मुलांना कोणी वाली आहे, हे पाहून फादर दामियन निश्चिंत झाले. १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्यातील सोमवारी, वयाच्या ४९व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ज्या झाडाखाली ते प्रथम झोपले होते, तेथेच त्यांना पुरण्यात आले. १९३६ साली त्यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले.

फादर दामियन मोलोकाईला गेले त्याच १८७३ साली नॉर्वेत डॉ. हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. आज हा रोग पूर्ण बरा होतो. बहुतेक माणसांच्या अंगी त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. आपल्या महाराष्ट्रात वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांना १९८३ साली जो पुरस्कार मिळाला, त्याला दामियन आणि डटन यांचीच नावे आहेत.

रोगाला औषध सापडले, पण माणसाला दूर लोटण्याची आपली सवय अजून गेलेली नाही. फादर दामियन यांना त्यासाठी अर्धे जग ओलांडावे लागले. आपल्याला कदाचित फक्त रस्ता ओलांडायचा आहे. आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर आहे का, ज्या घरी आजारामुळे, व्यसनामुळे किंवा जुन्या भांडणामुळे कोणी पाणी प्यायलाही जात नाही? या आठवड्यात त्या घरी जाऊ या. उपदेश करायला नको. थोडा वेळ त्यांच्याजवळ बसू या आणि ते जे पुढे ठेवतील ते आनंदाने खाऊ या.