'रणजित वर्मा'च्या पलीकडचे शफी इनामदार

१३ मार्च १९९६. कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेपुढे भारताचा डाव कोसळला, प्रेक्षकांनी हुल्लडबाजी केली आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. सारा देश त्या पराभवाने खिन्न झाला असतानाच आणखी एक वार्ता आली. हा सामना दूरचित्रवाणीवर पाहत असताना अभिनेते शफी इनामदार यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले होते. वय अवघे पन्नास.

इनामदार मूळचे कोकणातले. दापोली तालुक्यातील पांगारी या गावी १९४५ साली त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या के. सी. महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेतली, परंतु मन रमले ते नाटकातच. हिंदी, गुजराती, मराठी, इंग्रजी अशा चारही भाषांतील एकांकिका त्यांनी केल्या आणि बसविल्या. इस्मत चुगताई यांचे 'नीला कमरा' त्यांनी रंगभूमीवर आणले आणि पुढे 'हम प्रॉडक्शन्स' ही स्वतःची नाट्यसंस्थाही काढली. चेहरा नायकाचा नव्हता आणि याची जाण त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला नसावी.

चित्रपटात ते आले तेव्हा पस्तिशी उलटली होती. गोविंद निहलानी यांच्या 'विजेता'नंतर १९८३ मध्ये 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकर यांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. ओम पुरी यांचा धुमसणारा वेलणकर आणि सदाशिव अमरापूरकर यांचा रामा शेट्टी सर्वांच्या लक्षात राहिला. पण वेलणकर अडचणीत येताच त्याला सोडविण्यासाठी वरच्या वर्तुळातील ओळखी हलविणारा इन्स्पेक्टर हैदर अली आठवून पाहा. व्यवस्था कशी चालते हे त्याला ठाऊक आहे, तिच्याशी त्याने जुळवूनही घेतले आहे, तरी तो वाईट माणूस नाही. इनामदारांनी ही भूमिका आवाज न चढविता केली. त्यांचे सर्वांत चांगले काम तेच, असे आमचे मत आहे.

घराघरांत मात्र ते पोहोचले ते १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'ये जो है जिंदगी'मुळे. लेखन शरद जोशी यांचे (हे हिंदीतील व्यंगलेखक, शेतकरी संघटनेचे नव्हेत), दिग्दर्शकांत कुंदन शाह. रणजित वर्मा हा नोकरदार नवरा, रेणू ही त्याची पत्नी आणि घरात ठाण मांडून बसलेला बेकार मेहुणा राजा. स्वरूप संपत, राकेश बेदी आणि दर भागात नवे सोंग घेऊन येणारे सतीश शाह यांच्या गराड्यात इनामदारांच्या वाट्याला आले ते मुख्यतः ऐकण्याचे काम. हशा वसूल करणारे इतर. तो हशा यावा म्हणून त्रासलेला, समजूतदार चेहरा सांभाळणारे हे. विनोदी नाटक ज्यांनी केले आहे त्यांना यातील कष्ट ठाऊक असतात.

या यशाची किंमतही होती. लोकप्रिय मालिकेचा शिक्का एकदा बसला की निर्माते तोच माणूस पुन्हा मागतात. ऐंशीच्या दशकात इनामदारांनी असंख्य हिंदी चित्रपट केले. त्यांतील बरेच पोलीस अधिकारी एकमेकांपासून वेगळे ओळखता येणार नाहीत. तरीही १९८८ मध्ये गुलजार यांच्या 'मिर्झा गालिब'मध्ये त्यांनी शायर जौक उभा केला, तेव्हा नसीरुद्दीन शाह यांच्या गालिबसमोर हा नट तसूभरही कमी पडला नाही.

त्यांची दिग्दर्शनाची हौस रंगभूमीवर भागत होती. चित्रपटात ती संधी उशिरा मिळाली. ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांचा 'हम दोनो' १९९५ मध्ये प्रदर्शित झाला. पुढचा चित्रपट करण्याइतके आयुष्य उरले नव्हते.

त्यांच्या पत्नी म्हणजे 'ती फुलराणी' गाजविणाऱ्या भक्ती बर्वे. मराठी रसिकांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. कुंदन शाह यांच्याच 'जाने भी दो यारो'मधील संपादिकाही त्यांचीच. पतीच्या पश्चात त्या रंगभूमीवर कार्यरत राहिल्या. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील मोटार अपघातात त्यांचेही निधन झाले.