रोंटजेन यांनी दाखवलेले हाड

सकाळी उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते. चिंचपोकळीतला माणूस चार दिवस अंगावर काढतो आणि मग एक्स-रे काढून घेतो. त्यात टाचेच्या हाडाला काट्यासारखे टोक दिसले, की हाड वाढले म्हणून घरभर धास्ती. हाडाचा असा फोटो ज्यांच्यामुळे निघू लागला, ते विल्हेल्म रोंटजेन स्वतः मात्र फार सावध गृहस्थ होते.

त्यांचा जन्म 27 मार्च 1845 रोजी जर्मनीतील लेनेपचा. वडील कापडाच्या व्यवसायात. गिरणगावाला परके वाटू नये असे घर. शिक्षण हॉलंडमध्ये सुरू झाले. तिथे शिक्षकाचे व्यंगचित्र काढले दुसऱ्याच मुलाने; त्याचे नाव सांगितले नाही म्हणून शाळेतून काढले रोंटजेनना! दाखल्यावाचून झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला आणि 1869 मध्ये ते डॉक्टरेट झाले.

8 नोव्हेंबर 1895 च्या संध्याकाळी व्युर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत त्यांनी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून वीज सोडली, तर दूरचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. पुढचे सहा-सात आठवडे ते एकटेच पडताळत बसले. किरण कसले ते कळेना, म्हणून नाव दिले एक्स. 22 डिसेंबरला पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट, मांस मात्र पुसट.

टाचेच्या फोटोतही नेमके हेच होते. सकाळच्या त्या कळेचे नेहमीचे कारण हाड नसून टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया असतो. साध्या एक्स-रेत तो नीट दिसत नाही. सोनोग्राफीत त्याची जाडी मोजता येते. 4 मिलिमीटरहून जास्त भरली तर संशय बळावतो. हाडाचा काटा तर न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही असतो. हाड मोडले असेल किंवा हाडात गाठ असेल, तर एक्स-रे हवाच. हाडाला गेलेली बारीक चीर त्यात सुरुवातीला निसटू शकते, तिथे एमआरआय लागतो. पण बऱ्याच रुग्णांचे निदान हकिकत ऐकून आणि टाच अंगठ्याने दाबून होते.

रोंटजेन यांनी पेटंट घेतले नाही. 1901 चे भौतिकीचे पहिले नोबेल मिळाले, ती रक्कम विद्यापीठाला दिली. महायुद्धानंतरच्या महागाईने त्यांची शिल्लक संपवली. 10 फेब्रुवारी 1923 रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे बरेचसे कागद जाळण्यात आले.