डॉक्टर विल्यम ऑस्लर

सन १८४९ च्या जुलै महिन्यांत कॅनडा देशांतील बाँड हेड या खेड्यांत विल्यम ऑस्लर यांचा जन्म झाला. वडील इंग्लंडांतून आलेले मिशनरी पाळक होते. विल्यम यांनींहि प्रथम पाळकपणाच्या शिक्षणास आरंभ केला. परंतु पुढें ते वैद्यकाकडे वळले, व १८७२ सालीं मॅकगिल विद्यापीठाची पदवी त्यांनीं मिळविली.

१८८९ सालीं ते अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाचे मुख्य वैद्य झाले. विद्यार्थ्यांस ते रोग्यांच्या खाटेपाशीं नेऊन शिकवीत. रोग्याचें मन केवळ वैद्यकाच्या ग्रंथांतून कळत नाहीं, हें ते जाणून होते. म्हणून निजण्यापूर्वीं अर्धा तास वाचावें असा विद्यार्थ्यांस उपदेश करून त्यांनीं दहा पुस्तकांची यादी दिली. तींत पहिलें नांव जुन्या व नव्या कराराचें. पुढें शेक्सपिअर, प्लुटार्क इत्यादिकांचीं.

१९०५ सालीं ते ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झाले. १९१७ सालीं त्यांचा एकुलता पुत्र महायुद्धांत पडला. हृदय विदीर्ण झालें, तरी रुग्णसेवा त्यांनीं सोडली नाहीं. १९१९ च्या मे महिन्यांत विज्ञान व प्राचीन विद्या यांची फारकत होऊं नये, असें त्यांनीं विद्वानांच्या सभेंत प्रतिपादिलें. त्याच वर्षीं २९ डिसेंबर रोजीं त्यांस देवाज्ञा झाली.

उपदेशक बंधूंनो, शुभवर्तमान लिहिणारा लूकहि वैद्यच होता. आजाऱ्याच्या घरीं जातांना औषध अवश्य न्या. परंतु घटकाभर खाटेपाशीं बसून त्याचें दुःखहि ऐका.