आतिला पेत्शाउएर

हंगेरी हा मध्य युरोपातील लहानसा देश, पण तलवारीच्या खेळात भल्याभल्या राष्ट्रांना त्याने नमविले. १९२८ पासून १९६० पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये ‘सेबर’ या प्रकाराचे सांघिक सुवर्णपदक हंगेरीनेच पटकावले. सेबर म्हणजे हलकी तलवार. तिच्या टोकाप्रमाणेच धारेचाही वार धरला जातो. वार लागला की विजेचा दिवा पेटण्याची सोय त्या काळी सेबरमध्ये नव्हती. पंच नुसत्या डोळ्यांनी पाहून निकाल देत. सारा खेळ निमिषाचा!

या खेळातला लोकांचा लाडका वीर म्हणजे आतिला पेत्शाउएर. त्याचा जन्म १४ डिसेंबर १९०४ रोजी बुडापेस्ट येथे, यहुदी कुटुंबात झाला. इतालो सान्तेल्ली हे इटलीहून येऊन बुडापेस्टला स्थायिक झालेले नामांकित गुरू. त्यांच्या हाताखाली आतिला तयार झाला. स्वभाव बोलका, खेळ तडफदार. कादंबरीतल्या शूर शिलेदारावरून लोक त्याला नवा डार्तान्यां म्हणू लागले.

१९२४ साली पॅरिसला हंगेरीचा संघ इटलीकडून हरला होता. ते उणे १९२८ साली ॲम्स्टरडॅमला भरून निघाले. अंतिम सामना पुन्हा इटलीशीच होता आणि हंगेरीने तो नऊ विरुद्ध सात असा, अगदी थोडक्यात जिंकला. सांघिक स्पर्धेत आतिला वीस लढती लढला आणि वीसही जिंकला. वैयक्तिक सुवर्णपदक मात्र त्याच्याच संघातील तेर्स्त्यान्स्की याला मिळाले, आतिलाच्या वाट्याला रौप्य आले. १९३२ साली लॉस एंजेलिसला संघाने पुन्हा सुवर्ण जिंकले. पुढे तलवार बाजूला ठेवून तो वृत्तपत्रांत लिहू लागला.

पण दिवस पालटत होते. १९३८ साली हंगेरीच्या सरकारने यहुद्यांविरुद्ध पहिला मोठा कायदा केला. वकिली, वैद्यकी, वृत्तपत्रे यांत यहुद्यांची संख्या किती असावी, यावर बंधन आले. महायुद्ध सुरू झाल्यावर यहुदी पुरुषांच्या हाती बंदूक न देता त्यांना सक्तीच्या मजूर तुकड्यांत घालण्यात आले. देशासाठी दोनदा सुवर्ण जिंकणाऱ्या आतिलालाही अशाच तुकडीतून रशियाच्या आघाडीवर जावे लागले. भर हिवाळ्यात, अंगावर पुरते कपडे नसताना ही माणसे खंदक खणीत आणि सुरुंग काढीत.

जानेवारी १९४३ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. वय अवघे अडतीस. कारोय कार्पाती हा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता मल्ल त्याच छावणीत होता, तोही यहुदी. युद्धानंतर त्याने जे सांगितले, ते ऐकवत नाही. ॲम्स्टरडॅमला हंगेरीच्या ऑलिंपिक पथकात असलेल्या एका अधिकाऱ्याने आतिलाला ओळखले. ओळख पटल्यावर दया यावी, तर उलटेच झाले. पहारेकऱ्यांनी त्याला उघड्या अंगाने झाडावर चढविले, कोंबड्यासारखे आरवायला लावले आणि त्या थंडीत अंगावर पाणी ओतले. काही अभ्यासक मात्र तो टायफसच्या तापाने गेला असे मानतात. कसेही असो, त्याला तेथे धाडणारे त्याचेच सरकार होते.

इश्तवान साबो यांचा १९९९ सालचा ‘सनशाईन’ हा चित्रपट ज्या भगिनींनी पाहिला असेल, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. त्यातल्या तलवारबाजाचे नाव वेगळे आहे, इतर तपशीलही बदललेले आहेत, पण बर्फातले ते झाड आतिलाच्याच कथेतले आहे.