रानातले गाणे शाळेत नेणारा संगीतकार

सन १९२५. हंगेरीची राजधानी बुडापेस्टलगतच्या डोंगरात शिक्षिका होऊ पाहणाऱ्या काही मुली सहलीला आल्या होत्या. त्या गात होत्या. जवळच असलेला एक संगीतकार ते गाणे ऐकून कमालीचा अस्वस्थ झाला. उद्या याच मुली शाळाशाळांतून शिकवणार आणि हीच सवंग गाणी मुलांच्या ओठी बसणार, या विचाराने त्याला ग्रासले. झोल्तान कोदाय यांच्या आयुष्याला या प्रसंगाने वळण दिले.

कोदाय यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजी केचकेमेत गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीला. बदलीच्या गावांपैकी गलांता येथे झोल्तानचे बालपण गेले. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. तेथील अनवाणी सवंगड्यांची गाणी त्यांच्या मनात कायमची रुजली. १९०५ मध्ये लोकगीते गोळा करण्यासाठी ते प्रथम बाहेर पडले, तेही याच परिसरात. पुढच्याच वर्षी लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मित्र बेला बार्तोक यांच्यासह २० लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारा फोनोग्राफ घेऊन हे दोघे खेडोपाडी हिंडले.

शहराने मात्र त्यांची दखल घेतली नाही. बुडापेस्टच्या उच्चभ्रूंना जर्मन संगीत प्रिय. हॉटेलातले वादक वाजवीत ती अलीकडच्या रचनाकारांची गाणीच त्यांना अस्सल लोकसंगीत वाटत. शेतकऱ्यांची जुनी गाणी पाच स्वरांची होती. आपल्याकडच्या श्रोत्याला त्यातले स्वर ऐकून धानी रागाची आठवण व्हावी. नागर कानांना ती ओबडधोबड वाटली.

१९१९ च्या राजकीय उलथापालथीनंतर कोदाय यांच्यावर चौकशी बसली आणि त्यांना काही काळ अध्यापनापासून दूर राहावे लागले. १९२३ मधील ‘साल्मुस हुंगारिकुस’ने त्यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. देशोदेशी नाव झाल्यावर अनेक कलावंत शाळेकडे पाठ फिरवतात. कोदाय यांनी नेमके उलट केले. १९२५ पासून ते मुलांच्या गायनवृंदांसाठी लोकगीतांवर आधारित रचना करू लागले. १९३७ पासून दोन आवाजांत गाण्याच्या छोट्या रचनांचे त्यांचे संग्रह निघाले. १९४३ मध्ये शालेय गीतसंग्रहाचा पहिला भाग आला.

गाणे निवडण्याची त्यांची कसोटी साधी, पण कठोर होती. लहान मुलांसाठी म्हणून हलक्या दर्जाचे काही चालवून घ्यायचे नाही. आरंभ मातृभाषेतील लोकगीताने करायचा, कारण त्यात शब्दांचा आघात आणि चाल एकमेकांत मुरलेली असते. मग इतरांची गाणी घ्यायची. त्या कोवळ्या वयात परक्या समाजाची ओळख गाण्याइतकी दुसऱ्या कशानेही होत नाही, अशी त्यांची धारणा होती. व्होल्गा नदीच्या परिसरातील मारी लोकांच्या १०० आणि चुवाश लोकांच्या १४० चाली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र पुस्तकांत दिल्या. आपल्या षड्जाप्रमाणे ‘दो’ कोणत्याही पट्टीत धरून स्वर ओळखण्याची रीत त्यांनी इंग्लंडमधून उचलली, हाताच्या खुणांसह. चांगले ते कोठूनही घ्यावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्या काळात लोकगीताचा जयजयकार करणारे पुष्कळ होते. त्यांपैकी अनेकांना त्याच्या आडून शेजाऱ्याचा द्वेष पेरायचा होता. कोदाय या वाटेने गेले नाहीत. १९३८ मध्ये ज्यूविरोधी कायद्याचा निषेध करणाऱ्या पत्रकावर त्यांनी स्वाक्षरी केली. त्यांची पत्नी एम्मा ज्यू वंशाची होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, बुडापेस्टला वेढा पडला असताना, या दांपत्याला तळघरांत आश्रय घ्यावा लागला. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांची ‘मिस्सा ब्रेव्हिस’ ही रचना प्रथम सादर झाली, ती ऑपेरागृहात प्रेक्षकांचे कोट ठेवण्याच्या खोलीत.

१९५० मध्ये त्यांच्या जन्मगावी, केचकेमेतला, रोज गाणे शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. अशा शाळा मग देशभर निघाल्या. १९६१ पासून कोदाय आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेचे अध्यक्ष होते. ६ मार्च १९६७ रोजी बुडापेस्टमध्ये त्यांचे निधन झाले. लोकसंगीत जपण्याच्या त्यांच्या पद्धतीची नोंद युनेस्कोने २०१६ मध्ये अनुकरणीय उपक्रमांच्या यादीत केली.

स्नेहसंमेलनासाठी चार प्रांतांची चार गाणी निवडून विविधता साधली, असे मानणाऱ्या शाळा आपल्याकडेही आहेत. अशा वेळी कोदाय यांचे उदाहरण आठवावे. दुसऱ्याचे गाणे मुलांना देण्यापूर्वी त्यांनी ते तपासले, पारखले आणि आपल्या गाण्याइतक्याच आदराने मांडले. मुलांच्या ओठी काय जाणार, हा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत किरकोळ मानला नाही.