थॅडियस स्टीव्हन्स : समतेचा कठोर पुरस्कर्ता
अमेरिकी वकील व राजकारणी थॅडियस स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँटमधील डॅनव्हिल येथे झाला. जन्मतःच एक पाय अधू, घरी दारिद्र्य. आईच्या कष्टांमुळे ते शिकले आणि पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे वकिली करू लागले. १८२१ मध्ये त्यांनी एका गुलाममालकाचा खटला जिंकला आणि एक स्त्री मुलांसह पुन्हा गुलामगिरीत गेली. पुढे मात्र पळून आलेल्या गुलामांचीच बाजू त्यांनी न्यायालयात मांडली.

१८३५ मध्ये विधिमंडळातील त्यांच्या भाषणाने मोफत सार्वजनिक शिक्षणाचा कायदा वाचला. कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावणाऱ्या राज्याच्या नव्या घटनेवर त्यांनी १८३८ मध्ये सही नाकारली. गुलामगिरी संपवणारी तेरावी आणि कायद्यापुढे समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती संमत होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मुक्त झालेल्यांना जमीन देण्याची त्यांची योजना मात्र फेटाळली गेली.

११ ऑगस्ट १८६८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. लँकेस्टरमधील मोठ्या दफनभूमींत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. म्हणून सर्वांना खुली असलेली एक लहानशी दफनभूमी त्यांनी स्वतःसाठी निवडून ठेवली होती.