माता रमाईचा संसार आणि आपला जमाखर्च



दर वर्षी ७ फेब्रुवारीला आपण माता रमाईची जयंती साजरी करतो. प्रतिमेला हार घालतो, मेणबत्त्या लावतो, लहान मुली भाषणं करतात आणि आपल्या आयाबाया डोळ्यांना पदर लावतात. आठ दिवस गेले की पुन्हा तीच गत. महिन्याची पंधरा-वीस तारीख आली की घरातले डबे खडखडायला लागतात, किराणावाल्याची वही फुगते, भिशीचा हप्ता अडतो आणि पगार गेला कुठं यावरून नवरा-बायकोची जुंपते. आम्हीही त्याच घरांतले, काही वेगळे नाही. म्हणून रमाईवर लिहायला बसलो तेव्हा आम्ही ठरवलं, की तिच्या त्यागाबरोबर तिचा जमाखर्चही या वेळी मांडायचा. तो आपण फारसा कधी मांडत नाही.

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी एका गरीब कुटुंबात झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांनी भरलेल्या टोपल्या वाहून बाजारात पोचवत. आईचं नाव रुक्मिणी. रमा लहान असतानाच आई गेली आणि मागोमाग वडीलही गेले. पोरकी झालेली ही भावंडं काका-मामांनी मुंबईला भायखळ्यात आणली. हाती पडेल त्यात भागवायचं, हा धडा रमा तिथंच शिकली.

सुभेदार रामजींनी आपल्या भीमरावांसाठी हीच मुलगी पसंत केली. नवरी नऊएक वर्षांची, नवरदेव चौदा-पंधरा वर्षांचे. लग्न लागलं ते भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यावर, रात्रीच्या वेळी, रिकाम्या शेडमध्ये. माल मांडायचे दगडी ओटे हीच पाहुण्यांची बैठक. सकाळी बाजार भरायच्या आत सगळं आवरलं. ज्या लग्नाची आठवण आज लाखो घरांत निघते, त्या लग्नाला मंडपही नव्हता. हॉलचं बुकिंग करताना आणि कर्ज काढून बँड ठरवताना एवढं तरी आपण आठवावं.

पुढं हे कुटुंब परळच्या इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहायला आलं. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतचा जन्म झाला. पण २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले आणि घराचा आधार गेला. त्याच वर्षी जुलै महिन्यात बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब अमेरिकेला गेले. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड. त्यातच न्यूयॉर्कचं राहणं, खाणं, आणि त्यातूनच पोटाला चिमटा काढून घरी पाठवायचे पैसे. इकडे रमाईचं वय पंधरा. कडेला मूल, घरात माणसं, आणि मनिऑर्डर कधी येईल याचा नेम नाही. आपण महिन्याच्या पगारावर अंदाजपत्रक बसवताना रडकुंडीला येतो. जिथं पगारच नाही, तिथं ते कसं बसवायचं, हा रमाईचा प्रश्न होता.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब परत आले. महायुद्धाचा काळ. त्यांचं पुस्तकांचं सामान ज्या बोटीवर होतं ती बोट बुडाली. त्या सामानाची भरपाई म्हणून सुमारे ६०० रुपये मिळाले. त्यांतूनच काही घरखर्चाला दिले आणि उरलेल्यांत बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. तिथं जातीपायी राहायला जागा मिळाली नाही, छळ झाला, आणि त्यांना मुंबईला परतावं लागलं. पुन्हा शून्यावर. थोरल्या दिरांच्या पश्चात जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांचाही भार याच संसारावर होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात हा पगार म्हणजे मोठीच रक्कम. खरी कसोटी इथंच असते. पगार वाढला की आधी आपल्या घरात काय येतं? नवा सोफा, मोठा टी. व्ही., मग त्याचे हप्ते. या घरात तसलं काही आलं नाही. बिऱ्हाड त्याच चाळीत, त्याच दोन खोल्यांत राहिलं. लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायचं होतं आणि त्यासाठी पैसा साठवायचा होता. बाबासाहेब ठरावीक रक्कम घरखर्चाला देत आणि बाकीची बाजूला काढत. रमाईनं त्या ठरावीक रकमेची मर्यादा पाळली.

ती कशी पाळली, याची एक आठवण आपल्या वस्त्यांतून सांगितली जाते. पैसे हातात आले की रमाई महिन्याच्या दिवसांप्रमाणे त्यांच्या तीस पुड्या बांधून ठेवी. एका दिवशी एकच पुडी सोडायची. पाहुणा आला, सण आला, तरी उद्याच्या पुडीला हात लावायचा नाही. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आणि एकेक आणा मोजला जायचा. आमच्यातल्या काही बायकांनी ही रीत करून पाहिली. पहिल्या महिन्यात बाविसाव्या दिवशी पुड्या संपल्या. पण कुठल्या दिवशी कशापायी दोन पुड्या सुटल्या हे नेमकं कळलं. एरवी तेच कळत नाही. पैसा गेला एवढंच कळतं.

या साठवणुकीच्या जोरावर जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५००० रुपये, एवढं भांडवल. म्हणजे त्या दोन खोल्यांत वाचलेल्या आण्या-आण्याचा वाटा त्या पदवीत आहे. तिकडे ते अर्धपोटी राहून अभ्यास करत होते. पाठवायला पैसे नाहीत, वेळ पडली तर दागिने मोडून भागव, अशा अर्थाचं पत्र त्यांना घरी लिहावं लागलं. तिकडे साहेब रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते आणि इकडे परळला रमाई रोजच्या रोज रुपयाचाच प्रश्न सोडवत होती. तो ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रमाईच्या हिशेबाचं पुस्तक निघालं नाही.

रमाई शेण गोळा करायची, गोवऱ्या थापायची, ही गोष्ट ऐकीव म्हणून कुणी सोडून देऊ नये. आपल्या बायकोनं हलाखीत शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या आणि चोवीस तासांतला अर्धा तासही आपण तिला देऊ शकलो नाही, याची कबुली बाबासाहेबांनी स्वतः १९२८ साली बहिष्कृत भारतात दिलेली आहे.

आता जे लिहायचं ते लिहिताना हात थांबतो. या संसारात रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न अशी चार मुलं गेली. राजरत्न १९ जुलै १९२६ ला गेला. गंगाधर गेला तेव्हा कफनाला कापड आणायला पैसे नव्हते, रमाईनं आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असं सांगतात. म्हणून आम्हाला वाटतं, की रमाईच्या गरिबीचे नुसते गोडवे गाऊ नयेत. काटकसर कितीही केली तरी ती औषधाची जागा घेऊ शकत नाही. स्वतःच्या ताटातलं कमी करून तिनं घर चालवलं आणि त्याचा हिशेब तिच्या शरीरानं चुकता केला. ती वारंवार आजारी पडू लागली.

बाबासाहेबांची वकिली चालू लागल्यावर दिवस थोडे पालटले. तरी एक रक्कम या घराच्या अंदाजपत्रकात कधी बसलीच नाही, ती पुस्तकांची. पहिल्या परदेशवारीतच साहेबांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं जमवली होती. पुढं दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं राहिलं तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून. पण घरचं भागवून उरलेला पैसा कशावर जातो, यात फरक आहे. जुगारावर जातो की पुस्तकावर जातो, हे पाहायला हवं.

रमाईचंही तसंच. तिची बचत चिक्कूपणाची नव्हती. ती धारवाडला वराळे यांच्याकडे राहायला गेली होती. तिथल्या वसतिगृहातली पोरं एके दिवशी खेळताना दिसेनात. चौकशी केली तर धान्य संपलेलं आणि पोरं उपाशी. रमाईनं हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवून दिल्या आणि पोरांच्या पोटात अन्न घातलं. ही आठवणही आपल्याकडे घरोघर सांगतात. स्वतःसाठी आणा मोजणारी बाई परक्या लेकरांसाठी सोनं मोजत बसली नाही. बचत कशासाठी करायची, याचं उत्तर आम्हाला इथं मिळालं.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईनं देह ठेवला. वय अवघं सदतीस. पुढं १९४० साली लिहिलेला पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला आणि ददातीच्या, बिनआधाराच्या दिवसांत तिनं सोबत सोसलेल्या कष्टांची त्यात नोंद केली.

१४ ऑक्टोबर १९५६ चा सोहळा पाहायला रमाई नव्हती. पण ज्या राजगृह नगरीचं नाव तिच्या घराला होतं, त्याच नगरीत तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला संसाराची शिकवण दिली. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. दारू, जुगार, रात्रीचं भटकणं, तमाशांचा नाद, वाईट संगत आणि आळस या सहा वाटांनी संपत्ती जाते, असंही तिथंच सांगितलं. आपल्या वस्तीत यांतल्या कुठल्या वाटा जास्त वापरातल्या आहेत, हे आम्ही लिहायची गरज नाही.

चौथा भाग आज आपल्याला जमत नसेल तर दहावा काढू, विसावा काढू. पण तो महिन्याच्या पहिल्या दिवशी काढू, कारण शेवटच्या दिवशी काही उरत नसतं. हिशेब नवरा-बायकोनं एकत्र बसून लिहावा, आणि दारूचा खर्चही त्यात खरा लिहावा. लग्नाचं कर्ज काढण्याआधी भायखळ्याचे दगडी ओटे आठवावेत. पोरांच्या शिक्षणाचा आणि दवाखान्याचा पैसा आधी बाजूला पडावा. आणि एक गोष्ट आमच्या भावांनी नीट ऐकावी. घरातली बाई उपाशी राहिली म्हणून जो हिशेब जुळतो, तो जुळलेला हिशेब नव्हे. रमाईला ते करावं लागलं, कारण तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. आपल्या घरातल्या रमाईवर ती पाळी येऊ नये, एवढी मिळकत आणि एवढी अक्कल बाबासाहेबांनी आपल्याला मिळवून दिली आहे.

येत्या जयंतीला हार घालायला याल तेव्हा घरची हिशेबाची वही एकदा उघडून या. माता रमाईला आमची हीच विनम्र आदरांजली.

जयभीम! नमो बुद्धाय!